इंदिरानगरातला भाताचा गोळा

आमच्या घराण्याने साडेतीनशे वर्षं बेंगळुरात राहून भाताचे जेवढे प्रकार पचवले, तेवढे भाताने स्वतःही ऐकले नसतील. त्यामुळे पुतणी मला इंदिरानगरला जपानी भाताचा गोळा खायला घेऊन निघाली, तेव्हा माझा नकार राजाजीनगरहून मेट्रोत बसतानाच पाठ झाला होता.

तिला माझ्या चिकपेटेतल्या कापडदुकानाचा पुढचा ओटा हवा होता. तिथे ती हे गोळे विकणार. साड्या बघून दमलेल्या बायका उभ्याउभ्या खातील, हात खराब होणार नाहीत, दोन मिनिटांत मोकळ्या. कॉम्प्युटरची नोकरी ती आधीच सोडून बसली होती आणि माझ्या भावाला त्याचा पत्ता नव्हता. मी नाही म्हटलं, तर सोमवारी तिला साहेबाचे पाय धरावे लागणार होते.

ते हॉटेल कसलं, कपाटच. दोघांनी श्वास सोडल्याशिवाय तिसऱ्याला घेता येत नव्हता. काचेमागे थंडगार तिकोनी गोळे रांगेत बसवलेले. स्वस्त म्हणे. तेवढ्या पैशांत आमच्या गल्लीत दोन इडल्या, वडा आणि वर कॉफी येते. आणि भाताचा थंड गोळा आमच्या घरी वर्षातून एकदाच होतो, तोही कावळ्यासाठी.

“तूप नाही, फोडणी नाही,” मी म्हणालो. “जपानात मोहरी पिकत नाही का?”

“काका, स्वल्प खाऊन तर बघा. मग शिव्या द्या.”

गोळा काळ्या पानात गुंडाळलेला होता. पानातलं खायचं, पान खायचं नसतं, एवढं मला कळतं. मी ते सोलून बाजूला ठेवलं. आत लोणच्याच्या बरणीने हाकलून दिलेलं एक आंबट फळ होतं. भात इतका चिकट की माझी कवळी दोनदा जपानला जाऊन आली. अन्न टाकायची रीत नाही म्हणून संपवला, पान दुमडलं, बशीत ठेवलं.

“सर, ते पानही खायचं असतं,” गल्ल्यावरची बाई म्हणाली. “समुद्रातलं शेवाळ आहे ते.”

“शेवाळ आम्ही विहिरीतून उपसून फेकतो,” मी म्हणालो.

पुतणी बशीकडे टक लावून बघत होती.

“काका, पान कुठल्या बाजूला दुमडलंत?”

मी पाहिलं. आपल्या बाजूला. जेवण आवडलं, पुन्हा बोलवा, असं सांगायला केळीचं पान आपल्याकडे दुमडतात. पलीकडे दुमडतात ते तेराव्याच्या पंगतीला. साठ वर्षांच्या सवयीने हाताने मला न विचारता निकाल देऊन टाकला होता.

“हात चुकला.”

“मग उलगडा आणि पलीकडे दुमडा. माझ्या धंद्याचं तेरावं झालं समजते.”

मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. समोर धडधाकट पोर बसलेली असताना तसं पान दुमडायला मी काही जपानी नाही.

“सरी, ठरलं,” मी म्हणालो. “ओटा घे. पण गिऱ्हाइकाच्या साडीला हे शेवाळ लागलं तर तुला गोळ्यांसकट रस्त्यावर ठेवीन. आणि तुझ्या बापाला आज तूच सांगायचं. मी चपला न काढता दारातच उभा राहीन.”