टाकी लावलेलं निकेल

वरोऱ्याच्या बाजारात नवाबच्या दुकानाला पाटी नव्हती, आणि तिच्यावाचून त्याचं काही अडतही नव्हतं. बाप कल्हईवाला. स्टीलची भांडी आली, कल्हईचा धंदा बसला, तेव्हा नवाबने निकेल चढवायचे हौद मांडले. कुलूप असो, पानदान असो की मोटारसायकलचा सायलेन्सर, त्याच्या हातून निघालं की त्यात तोंड पाहून घ्यावं. पॉलिशच्या चाकावर बसला की बायको मलिका हिची जेवणाची हाकही त्याला ऐकू येत नसे. काम मनासारखं उतरलं तर कोपऱ्यात बारीकसा 'न' ठोकायचा. नाही उतरलं तर 'न' नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. माणूस तसा हेकटच.

२००३ साली मूल गावचा हेमराज त्याच्याकडे आला. धानवाल्या घरातला, शिकून इंजिनीअर झालेला. राइस मिलच्या मागच्या शेडमध्ये तो सौर पॅनेलच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचं यंत्र जुळवत होता. यंत्र म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलेली लोखंडी पत्र्यांची चळत. त्या पत्र्यांना निकेल हवं होतं. ईद तोंडावर आणि हेमराजला घाई, म्हणून नवाबने वीस पत्र्यांवर नुसतं निकेल चढवून दिलं. पॉलिश नाही, 'न' नाही. यंत्र झकास चाललं, पण आपण ओबडधोबड माल दिला ही गोष्ट नवाबला टोचत राहिली.

ते यंत्र पाहून नागपूरच्या एका संस्थेने तसलीच दहा मागितली. म्हणजे दोनशे पत्रे. नवाबने आणखी एक हौद मांडला, मेहुण्याला हाताशी घेतलं आणि महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. या वेळी त्याने एकेक पत्रा आधी घासून, मग निकेल चढवून, वरून पुन्हा पॉलिश करून आरसा केला. दोनशे पत्रे, दोनशे 'न'.

पत्रे दिल्यावर आठव्या दिवशी हेमराज पडलेल्या चेहऱ्याने दुकानात आला.

"नवाबभाई, गॅस अर्धाबी निंगून नाई राह्यला. पॅनेल तेच, पाणी तेच."

"पत्र्यावर एक डाग दाखव मले."

"डाग नाई, तेच तर समजत नाई. पंधरा दिवसांनी नागपूरवाले तपासाले येतेत. नाई चाललं तर हे काम तुमच्याही हातून जाते अन् माह्याही."

नवाबला राग आला, पण तो नुसता चिडून बसणाऱ्यातला नव्हता. त्याने हेमराजकडून पहिल्या यंत्रातला एक पत्रा मागवला, काचेच्या दोन बरण्यांत जुना आणि नवा बुडवला आणि बॅटरी जोडली. जुन्यावरून बारीक बुडबुड्यांची रांग सुटली. नव्यावर मोजकेच बुडबुडे आले, तेही फुगून पत्र्याला चिकटून बसले.

चहा घेऊन आलेली मलिका दोन्ही बरण्यांकडे पाहत उभी राहिली.

"पाटा गुळगुळीत झाल्यावर मिरची वाटल्या जाते का?" ती म्हणाली. "टाकी लावा लागते. छिन्नीनं टोचून खरबरीत करा लागते."

हेमराजने कपाळाला हात लावला. "वहिनी, हे मले सुचाले पायजे होतं. खरबरीत पत्र्याले जागा जास्त, बुडबुडाबी लवकर सुटते."

नवाबने बॅटरीच्या तारा सोडल्या. दोनशे आरसे आता त्यालाच खरवडायचे होते. पहिला पत्रा मेहुण्याच्या हातून काढून घेऊन त्याने स्वतःच जाड काचकागद चालवला. चकाकी गेली, 'न'ही गेला. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते त्याने लपवलंही नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. मग पत्र्यामागून पत्रा खरवडून त्यावर पुन्हा पातळ निकेल चढलं, धुरकट, मळकट, सायलेन्सरवाल्याने परत केलं असतं असलं.

तपासणी झाली. यंत्रं धडाधड पास झाली, आणखी वीसची मागणी आली. हेमराज पेढे घेऊन वरोऱ्याला आला, तेव्हा नवाब नव्या खेपेचे पत्रे मांडून बसला होता. सगळे मळकट. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात 'न'.

हेमराजने पेढ्यांचा पुडा पुढे केला. नवाबने पेढा तोंडात टाकला, हात पुसले.

"ते पयले वीस पत्रे हायेत ना तुह्यापाशी?"

"हायेत."

"घेऊन ये. त्याच्यावर ठोकाचा राह्यला."