सोळा मात्रा गप्प

चार जणांच्या वर्गात किस्से असून असून किती असणार, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, चाळीसच्या वर्गापेक्षा जास्त! चाळीस जण असले की प्रत्येक जण आपापला किस्सा घेऊन घरी जातो. चौघांतले तिघं निघून गेले, की सगळ्यांचे किस्से उरलेल्या एकाच्या डोक्यावर. तो उरलेला म्हणजे मी, निकेश, मुक्काम नागभीडजवळचं एक खेडं.

चंद्रपूरला आमच्या कॉलेजात युनिव्हर्सिटीनं दोन वर्षांचा गायनाचा कोर्स काढला होता. तबला-पेटीवाला नाही. चार वेगवेगळे आवाज मिळून एक गाणं गातात तो, कॉयरचा. शिकवायला वसईकडचे फर्नांडिस सर आले. वर्ग मिळाला सायकल स्टँडच्या मागे. विद्यार्थी आले चार. "चारच आले, सर?" प्राचार्यांनी ओशाळून विचारलं. सर म्हणाले, "चारच लागतात! पण चारातला एक जरी गेला, तरी गाणं संपलं."

हे वाक्य तेव्हा आम्ही वहीत लिहून घेतलं होतं. नुसतंच लिहून घेतलं होतं.

*

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना पोटातून ओरडायला लावलं. जिवतीच्या प्रफुलनं असा आवाज काढला की सायकल स्टँडचा वॉचमन काठी घेऊन धावत आला!

"कुठे शिकलास रे?" सरांनी विचारलं.

"तुरीत माकडं येते, सर. त्याइले हाकलून हाकलून."

प्रफुल टेनर झाला, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज. पोंभुर्ण्याच्या प्रणालीचा आवाज सगळ्यांत वर जायचा, ती सोप्रानो. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावाहून आलेली वनिता तिच्या खालची, अल्टो. माझी पाळी आली तेव्हा सर पेटीच्या पट्ट्या खाली खाली दाबत गेले. "अजून जातोस? अजून?" शेवटी पट्ट्या संपल्या. "बस रे बाबा, तळघर लागलं!"

तर मी बेस. उभं राहायची जागा डाव्या टोकाला, वनिताच्या बाजूला.

*

बेसचं दुःख असं की त्याला चाल नसते. वरचे तिघं गात असले तरच त्याला अर्थ. सरांनी वैनगंगेवर स्वतः एक गाणं बसवलं होतं. त्यातला माझा भाग मी दिवाळीच्या सुटीत आईला म्हणून दाखवला. ती भाजी निवडत बसली होती. दोन ओळी म्हटल्या आणि मी सोळा मात्रा गप्प उभा राहिलो, कारण तिथे फक्त अल्टो गाते.

आईनं वर पाहिलं. "विसरला का बाबू?"

"नाई आई. इथी मले गप्पच राहा लागते."

"मंग हे शिकाले चंद्रपूरले काऊन गेला? गप्प तं तू घरी बी राह्यत होता!"

*

गावाला रियाज करायचा तर सूर द्यायला कोणी नाही. मी राइस मिलच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचो. मोटरचा घूं आवाज नेमका माझ्या सुरात होता. महिनाभर तसा रियाज केला. परत आल्यावर पहिल्याच ओळीला सरांनी कान धरले, स्वतःचे!

"हा सूर कुठून आणलास?"

"राइस मिलमधून, सर."

"मिलवाल्याला सांग, अर्ध्या सुरानं उतरलास म्हणून."

मी खरंच फोन करून सांगितलं. मालक आधी हसला, मग गेला आणि मोटरचा पट्टा बघून आला. पट्टा ढिला झाला होता! तेव्हापासून मी गावाला गेलो की तो मला बोलावून घ्यायचा, "ऐकून सांग गा, बराबर हाये का?" पूर्ण गावात माझ्या शिक्षणाचा फायदा झालेला तो एकच माणूस.

*

एकदा सरांनी भिंतीवर ऑपेरा दाखवला. नायिका आजारी. पलंगावर पडलीये, श्वास लागलाय, आणि दहा मिनिटं गातेय.

"सर, हे तं आपलं झाडीपट्टीचं नाटक हाये!" प्रफुल ओरडला. "आमच्या इकडे बी मरता मरता तीन गाणे होते."

प्रणालीची मावशी सरकारी दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, "एवढा दम असलेल्या पेशंटले तं सुट्टीच देते, सर!"

आम्ही पोट धरून हसत होतो. वनिता हसली नाही. ती भिंतीवरच्या नायिकेकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "सर, हिच्या घरचे कुठी गेले? एवढं दुखणं अन् ही एकटीच काऊन गाऊन राह्यली?"

सरांनी ऑपेरा तिथेच थांबवला.

*

वनिता एकटी गायचीच नाही. त्या सोळा मात्रा आल्या की ती तोंड मिटून उभी. सरांनी समजावलं, रागावले, मार्क कापायची धमकी दिली. काही नाही! एक दिवस तिनंच सांगितलं. तिच्या गावात बाया ओळीनं उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेत हात घालतात आणि गातात. एकटं कोणी गात नाही. "एकटं गायलं तं वाटते, याचं कोणीच नाई."

मला राहवलं नाही. पुढच्या वेळी त्या सोळा मात्रांत मीही तिच्यासोबत गायला लागलो, तळघरातून! सर खेकसले, "निकेश, तुझं गप्प राहणंसुद्धा मी लिहिलंय!"

मग प्रफुलनं तोड काढली. आम्ही तिघांनी तिच्याकडे वळायचं, तिचेच शब्द म्हणायचे, ओठ पूर्ण हलवायचे, पण आवाज काढायचा नाही. वनितानं आमच्या तोंडांकडे पाहिलं. आणि गायली. सर पेटीवरचा हात उचलायचं विसरले, आणि शेवटचा सूर तसाच वाजत राहिला.

*

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रफुल पोलीस भरतीला गेला. दम साठवायचे सरांचे व्यायाम त्यानं वर्षभर केलेले. सोळाशे मीटर असा धावला की शेवटच्या फेरीतही श्वास लागला नाही! पेढे घेऊन वर्गात आला आणि सरांच्या पाया पडला.

"सर, तुमच्यामुळेच लागलो!"

सरांनी पेढा खाल्ला. टेनर गेला म्हणून त्यांचे डोळे भरले होते. पण आठवड्यानं कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लागली: "गायन विभाग. प्लेसमेंट: एक."

*

मग प्रणालीचं लग्न ठरलं. सासर तेलंगणात. आम्ही ठरवलं की लग्नात वैनगंगेचं गाणं गायचंच. प्रफुलला ट्रेनिंगमधून सुटी नव्हती, पण तिघं तर तिघं. आता आमची सोप्रानो म्हणजे खुद्द नवरी! सरांनी मांडवात उभं राहून हात वर केला, आम्ही खालून सुरू केलं, आणि बाशिंग बांधलेल्या प्रणालीनं स्टेजवरून वरचा सूर लावला. सासूबाई दचकल्या.

"अगं, नवरी गाऊन राह्यली!"

"माझीच जागा हाये, आई," प्रणाली म्हणाली, आणि तेवढ्यात डीजेवाल्यानं बटण दाबलं. आमचं गाणं तिथेच बुडालं. सोळा मात्रांपर्यंत पोचलोच नाही.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. वनिता आणि मी एका सीटवर. दोघंच उरलो होतो. बोलायला पुष्कळ होतं, पण मी बोललो नाही. तेव्हा कोणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं, तरी राहिलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

*

हिवाळ्यात वनिताची आई आजारी पडली. शेत आणि दोन लहान भाऊ तिच्यावर आले. ती गेली ती परत आलीच नाही. रोज चार वाजता वर्गात मी डाव्या टोकाला उभा, आणि सर समोर. माझ्या उजवीकडे तीन माणसांची रिकामी जागा. "मध्ये ये ना," सर म्हणायचे. मला मध्ये जाववायचं नाही.

एकदा वनिताचा फोन आला. तिच्या गावात रेंज फक्त टेकडीवरच्या एका दगडावर. "चल, प्रॅक्टिस करू," ती म्हणाली. मी सुरू केलं. फोनमुळे ती दोन मात्रा मागे येत होती, तरी चाललं. आणि सोळा मात्रांच्या जागी फोनमधून एवढा मोठा आवाज आला की मी फोन कानापासून दूर धरला.

"वनिता, किती जणी आहात?"

"दहा!" ती हसली. "मी एकटी कशी गाऊ? बायाइले शिकवलं ना."

म्हणजे आता अल्टो दहा, आणि बेस मी एकटा! फोन ठेवल्यावर पंख्याचा आवाज येत होता, तेवढाच.

*

शेवटच्या परीक्षेत शंभर मार्कांचा पेपर होता: समूहगायन. समूह मी! मी पास झालो नाही तर कोर्स बंद होणार होता, सरही वसईला परत जाणार होते. सकाळपासून वनिताला फोन लावत होतो. रेंज नाही.

बाहेरून आलेले परीक्षक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी यादी पाहिली, वर्ग पाहिला. "बाकीचे?"

"जागेवर आहेत," सर म्हणाले.

मी माझ्या जागेवर उभा राहिलो, डाव्या टोकाला. सरांनी हात उचलला. पहिला इशारा प्रणालीच्या रिकाम्या जागेला, दुसरा प्रफुलच्या, मग मला. मी दोन ओळी गायलो. चाल नसलेल्या दोन ओळी. परीक्षकांच्या कपाळावर आठी आली.

मग सोळा मात्रा आल्या. मी उजवीकडे वळलो. तिचे शब्द होते तसे म्हणायला लागलो, ओठ पूर्ण हलवून, आवाज न काढता. सरांचा हात हवेत हळूहळू चालला होता.

चार मात्रा गेल्या. पाच. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "काय झालं? विसरला का हा? आवाज का येत नाही?"

सरांनी हात थांबवला नाही. दुसऱ्या हाताचं बोट तेवढं ओठांवर ठेवलं.

"थांबा, सर. वनिता गातेय."