मेश्रामकाकांची चिठ्ठी

मेश्रामकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातली एक खुर्ची बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी नेली आणि खुर्चीच्या जागी फरशीवर एक चिठ्ठी ठेवली. 'खुर्ची एक. बाहेर, मेश्रामकडे. परत – निघताना.' आई पोळ्या लाटत होती. तिने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुग्धा, तुझ्या या पाहुण्यांना सांग, चहा देणार आहे, त्याची पावती नको." सदाशिव पेठेत कुणाचं कौतुक सरळ करायची पद्धत नाही. पुढे दर रविवारी आईच त्यांची वाट पाहायला लागली.

काका एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले होते. तिथे मांडणीतून फाइल काढली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची: काय नेलं, कोणाकडे आहे, परत कधी येणार. जन्मभर हेच केल्यामुळे ती सवय हाडीमाशी खिळली होती. आईच्या डब्यातून सुई घेतली तरी डब्यात चिठ्ठी पडायची.

"आणि वस्तू हरवली तर?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"'हरवली' असं कधी लिहायचं नाही," काका म्हणाले. "हरवली लिहिलं की शोधणं बंद होतं. शेवटी कोणाच्या हातात होती, त्याचं नाव लिहायचं. मग त्या माणसाला झोप येत नाही."

ते आमच्याकडे कसे आले ते सांगायला हवं. मी आणि माझा मित्र कौस्तुभ मिळून 'ओटा' चालवतो. ओट्यावर कुणालाही फुकट ब्लॉग लिहिता येतो, आणि त्याचा सगळा कोड उघडा आहे, म्हणजे तो कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. प्रत्यक्षात वाचणारे पुष्कळ, सूचना करणारे त्याहून पुष्कळ, आणि दुरुस्त करणारे आम्ही दोघंच. काकांच्या पत्नी शीलाताई ओट्यावर लिहायच्या. त्या नर्स होत्या, प्रसूतिगृहात आयुष्य गेलेल्या, आणि तिथे भेटलेल्या बायकांवर त्यांनी इतकं साधं आणि इतकं खरं लिहिलं होतं की मी कामं सोडून वाचत बसायची. पुढे आजारपणात त्या गेल्या. महिन्याभराने काका हडपसरहून बसने पत्ता शोधत आले, दारातच "जय भीम" म्हणाले आणि पुढचं वाक्य होतं, "माझी बायको तुमच्याकडे ठेवली आहे. कुठे ठेवली आहे ते पाहायला आलो."

मी त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते समजावलं. सगळ्या मजकुराची रोज आपोआप एक नक्कल निघते, काही काळजी करू नका, असंही सांगितलं.

"ती नक्कल परत आणून पाहता?"

"वेळ आली तर आणू ना, काका."

"वेळ आल्यावर नाही. नुसतं ठेवलं म्हणजे ठेवलं नाही. परत आणून दाखवलं, म्हणजे ठेवलं."

त्या दिवसापासून ते आमच्यातलेच झाले. आम्ही ओट्यात काहीही बदल केला की काका खिडकीपाशी माझा जुना लॅपटॉप घेऊन बसायचे आणि एकेक बटण दाबून पाहायचे. त्यांच्या तक्रारी कचेरीच्या भाषेत यायच्या: 'सदर बटण दाबले असता काही घडले नाही. पुन्हा दाबले. पुन्हा काही घडले नाही. सविनय सादर.' कौस्तुभ त्या मोठ्याने वाचून हसायचा आणि मग निमूटपणे दुरुस्त करायचा. शिवाय संपूर्ण ओट्याची नक्कल उतरवून घेण्याचं एक बटण होतं. ते नीट चालतं का हे पाहण्याच्या निमित्ताने काका दर शनिवारी घरी बसून सगळा ओटा पेन ड्राइव्हवर घ्यायचे. आम्हाला तो म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा वाटायचा.

काका मूळचे नागपूरकडचे. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर आमच्याहून शुद्ध बोलायचे. पण काळजीत पडले की नागपूर बाहेर यायचं. "काहून?", म्हणजे 'का?', हा शब्द खिडकीकडून ऐकू आला की कौस्तुभ हातातला चहा खाली ठेवायचा.

ओट्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर आम्ही दोन वर्षं घालवली. सगळा पायाच नवा होता. तारखा दोनदा पुढे गेल्या होत्या आणि लोकांनी टोमणे मारायला सुरुवात केली होती. एकाने लिहिलं, 'तिसरी आवृत्ती आमच्या हयातीत येणार असल्यास कळवावे.' ते मला फारच झोंबलं. मी जाहीर करून टाकलं: येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता. अकरा म्हणजे अकरा.

गुरुवारी काकांचा फोन आला. "मुग्धा, नक्कल परत आणून पाहिली?"

नक्कल रोज निघत होती, हे मी पाहिलं होतं. ती दुसऱ्या मशीनवर उघडून पूर्ण तपासायला अख्खा दिवस गेला असता, आणि माझ्याकडे दिवस नव्हता. मी म्हणाले, "हो काका. पाहिली."

"मग झालं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका निर्धास्तपणा होता की मला त्याच क्षणी खरं सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही. शनिवारी मीच त्यांना उलटा फोन केला, की आज नक्कल उतरवू नका, ओटा मंद होतो आणि आमची तयारी चालू आहे. तेही त्यांनी ऐकलं. "तू पाहिलंस ना, मग मी कशाला?" एवढंच म्हणाले. आणि थोडं घुटमळून, "त्या शीलाच्या ब्लॉगवर मी या आठवड्यात एक लेख लिहिला आहे. पहिलाच आहे. अजून लावला नाही, मसुदा ठेवला आहे. तिच्या स्मृतिदिनाला लावीन म्हणतो. आधी तू वाच आणि चुका सांग."

"वाचते काका. तेवढा रविवार होऊ दे."

रविवारी काका पांढरा शर्ट घालून साडेदहालाच आले. खुर्ची खिडकीपाशी गेली, चिठ्ठी फरशीवर आली. आईने साखर वाटीत काढून ठेवली होती. अकराच्या ठोक्याला कौस्तुभने बटण दाबलं. वीस मिनिटं पडद्यावर ओळी सरकत राहिल्या आणि शेवटी 'पूर्ण' असं आलं. कौस्तुभने टेबलावर हात आपटला, अभिनंदनाचे निरोप यायला लागले, आईने माझ्या हातावर साखर ठेवली. ती मी तोंडात टाकते आहे तोच खिडकीकडून आवाज आला.

"मुग्धा, शीला दिसून नाही राहिली."

लेखांची नावं होती, तारखा होत्या. खाली मजकुराच्या जागी नुसता पांढरा पडदा. मी दुसरा ब्लॉग उघडला. तिसरा उघडला. सगळीकडे तेच. जुना मजकूर नव्या साच्यात घालायचा आणि मग जुनी जागा पुसून टाकायची, असा आमचा प्रोग्रॅम होता. घालण्याचं काम मध्येच अडकलं होतं. पुसण्याचं मात्र चोख पार पडलं होतं.

"ठीक आहे, नक्कल आहे ना," कौस्तुभ म्हणाला आणि आदल्या दिवशीची नक्कल उघडायला लागला. मी त्याच्या मागे उभी होते. नक्कल उघडली. आत फक्त लेखांची नावं होती. दोन महिन्यांपूर्वी आम्हीच मजकूर एका नव्या जागी हलवला होता, आणि नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमला ते सांगायचं राहून गेलं होतं. तो बिचारा रोज रिकाम्या कपाटाची इमानाने नक्कल काढत होता.

कौस्तुभ वळला. "तू हे परत आणून पाहिलं होतंस ना?"

काकाही माझ्याकडेच पाहत होते. माझ्या तोंडात अजून साखर होती.

"नाही," मी म्हणाले. "काका, मी खोटं बोलले."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी काढा." ते मला मुलीसारखं 'तू' म्हणायचे. 'मॅडम' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी तोवर कधी वापरला नव्हता.

आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारचा, त्या वेगळ्या बटणाने उतरवलेला पेन ड्राइव्ह हडपसरला त्यांच्या घरी होता. स्वारगेटपासून गाडीतळापर्यंतचा तो रस्ता मला कधी एवढा लांब वाटला नव्हता. खिशात फोन सारखा थरथरत होता. पूल गेटच्या सिग्नलला मी तो काढून पाहिला. एका बाईंनी लिहिलं होतं, 'माझ्या मुलाच्या आठवणी फक्त ओट्यावर आहेत. माझ्याकडे दुसरं काही नाही.' मी फोन आत ठेवला.

"काका, पेन ड्राइव्हमध्ये सगळं असेल ना?"

"परत आणल्याबिगर मी काही सांगत नसतो," ते मागून म्हणाले.

घरी चहाच्या पत्र्याच्या डब्यात पेन ड्राइव्ह ओळीने ठेवलेले होते. प्रत्येकाला तारखेचं लेबल होतं. काकांनी शेवटचा काढला, टेबलाशी बसले, कागद फाडला आणि सावकाश लिहायला लागले. मी दारात एका पायावर उभी होते. ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड उघडायचा अधिकार मी सकाळीच घालवला होता. 'पेन ड्राइव्ह एक. मुग्धाकडे. परत – आज.' चिठ्ठी डब्यात ठेवून झाल्यावरच त्यांनी तो माझ्या हातात दिला.

परत आलो तर कौस्तुभ तो थेट ओट्यावर चढवायला निघाला होता. काकांनी त्याचा हात धरला. "आधी दुसरीकडे." माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडायला तास-दीड तास लागला. तेवढ्या वेळात काकांनी मला लोकांसाठी निवेदन लिहायला बसवलं. मी लिहिलं, 'काही तांत्रिक अडचणीमुळे'. त्यांनी ते खोडायला लावलं. "कुणाची चूक ते लिहा." मी लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे'. मग ते म्हणाले, "आता पुढे लिहा, 'मजकूर तपासून परत देतो.'"

दुपार टळताना जुन्या लॅपटॉपवर शीलाताईंचा एक लेख उमटला. काकांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मान हलवली. मग कौस्तुभने मजकूर ओट्यावर चढवला. राहिला होता मधला आठवडा. प्रसिद्ध झालेले लेख वाचकांना ईमेलने जातात, त्यामुळे त्या आठवड्यातलेही एकेक करून गोळा झाले. सगळं परत आलं, असं कौस्तुभ म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रसिद्ध झालेले लेख ईमेलने जातात. मसुदे जात नाहीत.

"काका, तुमचा लेख..."

"माहीत आहे मला."

"कागदावर आहे ना?"

"नाही," काका म्हणाले. "शीला थेट पडद्यावर लिहायची. म्हटलं, तिच्या जागी बसून तिच्यासारखंच लिहून पाहू. जन्मभर कागद ठेवले, एकदा नाही ठेवला."

"पुन्हा लिहा ना, काका."

"पाहू." त्यांनी खुर्ची उचलली, स्वयंपाकघरात जागेवर नेऊन ठेवली, फरशीवरची चिठ्ठी खिशात घातली आणि बस पकडायला गेले. आईने डबा भरून ठेवला होता, तो तसाच राहिला.

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. महिनाभर मी 'मॅडम' होते. तोंडाने एक शब्द वावगा नाही, पण मॅडम. मग एक दिवस खिडकीकडून आवाज आला, "मुग्धा, हे बटण काहून चालत नाही गं?" मी आत जाऊन रडून घेतलं. त्यानंतर आम्ही ओट्यात बदल करायच्या आधी नक्कल दुसऱ्या मशीनवर आणतो, काकांना दाखवतो, आणि ते मान हलवेपर्यंत बटणाला हात लावत नाही. त्या लेखाचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही. मला विचारायचं धाडस झालं नाही. शीलाताईंच्या स्मृतिदिनाला त्या ब्लॉगवर नवं काही आलं नाही, हे मी पाहिलं होतं.

या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच. दोन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. डबा तिला सापडला होता, पेन ड्राइव्ह सगळे जागच्या जागी होते. "ताई, बाबांनी आईवर काहीतरी लिहिलं होतं, असं ते एकदा बोलले होते. आम्हाला कुठेच मिळत नाही. तुमच्याकडे आहे का हो?"

नाही, हे मला माहीत होतं. तरी फोन कानाशी धरून मी शीलाताईंच्या ब्लॉगचे मसुदे उघडले. एक मसुदा होता. तारीख त्या रविवारनंतरच्या सोमवारची. काकांनी पुन्हा लिहिलं की काय! मी तो उघडला. आत तीन ओळी होत्या.

'लेख एक. शीलाविषयी.
मुग्धाकडे, वाचायला.
परत –'

तिसऱ्या ओळीत पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"ताई, ऐकताय ना?" पल्लवीने विचारलं. "आहे का?"

"माझ्याकडे दिला होता," मी म्हणाले, आणि गुरुवारच्या त्या फोनपासून तिला सगळं सांगायला सुरुवात केली.