चौथा वाफा

नागनाथ शिवशरणनं एकेचाळीस वर्षं सोलापुरात माल कालवला. वाळू, सिमेंट, पाणी आणि फावडा. जुळे सोलापुरातल्या कितीतरी भिंतींच्या पोटात त्याचा हात आहे. त्याचा एकच नियम होता: कोरडा माल तीनदा परतायचा. दोनदा परतला तर चट्टे दिसतात, चौथ्यांदा परतणं ही हौस. तिसऱ्या फेऱ्याला सगळा ढीग एका रंगाचा झाला की त्याला असा आनंद व्हायचा, की फावडा टेकून तो जागच्या जागी एक गिरकी घ्यायचा. गवंडी विचारायचे, "नाग्या, सकाळी सकाळी घेतली व्हय रं?" तो थेंबाला शिवत नसे.

गुडघ्यांनी काम सोडायला लावलं तेव्हा तो मंद्रूपला परत आला. ओढ्याकाठी त्याचं वीस गुंठे रान होतं. बायको शालन त्यात बारा वर्षं मेथी काढून आठवडी बाजारात विकत होती. इतर बाया पाटी मांडत असायच्या तोवर हिची पाटी रिकामी.

मग संशोधन केंद्रातली सिद्धेश्वरी नावाची मुलगी माती तपासायला आली. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी काही वर्षं जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढत होता. धंदा गुंडाळून तो निघून गेला. शिसं पाण्याबरोबर खाली आलं आणि नागनाथच्या रानात बसलं. इथलं खायचं नाही, विकायचंही नाही, असं सिद्धेश्वरीनं सांगितलं.

शालननं त्याच दिवशी उभी मेथी उपटून खड्ड्यात पुरली. पुढच्या बाजारी ती गिऱ्हाईक म्हणून गेली. काशम्मा तिची शेजारीण, बारा वर्षं पाटीला पाटी लावून बसलेली.

"शालन, तू मेथी इकत घेती?"

शालननं पैसे मोजले. जुडी घरी आणली, निवडली, परतली आणि खाल्ली नाही. नागनाथला सलत होतं ते एवढंच. बायकोनं परत पाटी मांडावी, असं त्याला वाटे.

सहा महिन्यांनी सिद्धेश्वरी टेम्पोतून पांढरी पूड घेऊन आली. खनिज होतं, नाव झिओलाइट.

"याच्या कणाकणाला बारीक भोकं असतात, काका. शिसं त्यात अडकतं. मातीतून जात नाही, पण मुळाला मिळत नाही."

"म्हंजी चोर घरातच हाय," शालन म्हणाली, "पर खोलीत कोंडून कडी घातली."

"तसंच, काकू."

तिनं न दळलेला एक खडा दाखवला. पांढरा, चकाकता. नागनाथ हसायलाच लागला. असले खडे काळ्या दगडाच्या पोकळीत निघतात. पाया खणताना त्यानं ते टोपल्यांनी फेकले होते.

"मॅडम, ह्ये तर आमी जन्मभर कचरा म्हणून टाकलं की."

"मग आता उचला."

दहा बाय दहा फुटांचे चार वाफे आखले. पहिल्यात वीस किलो पूड, दुसऱ्यात चाळीस, तिसऱ्यात साठ. चौथ्यात काही नाही.

"चौथ्याला हातही लावू नका," सिद्धेश्वरी म्हणाली. "फरक कळायला एक कोरा पाहिजे. चाचणी जमली तर सगळ्या रानाला पूड मिळेल. नाही जमली तर इथं बांबू लावा, असं लिहून द्यावं लागेल."

"अन् बाजारात काय बांबू घिऊन बसू?" शालन म्हणाली.

केंद्राचे दोघे मजूर पूड फेकून वरून दाताळं ओढू लागले. नागनाथनं दाताळं काढून घेतलं. "ह्ये शिंपडणं झालं. कालवणं न्हवं."

सहा इंच खोल माती, म्हणजे एका वाफ्याला साडेचारशे फावडी. तीन फेरे, साडेतेराशे. तोंडाला टॉवेल, गुडघ्याला तेल. एका वाफ्याला चार दिवस लागले. काळ्या मातीत पांढरे चट्टे होते. दुसऱ्या फेऱ्याला ते पुसट झाले, तिसऱ्याला माती एका रंगाची झाली. नागनाथनं भर उन्हात गिरकी घेतली. शेजारचा कुंडलिक बांधावरून बघत होता.

"नागू, रानात स्लॅब टाकतूस का काय?"

"टाकतूय. तू सळई घिऊन ये."

बारा दिवसांत तीन वाफे झाले. चौथा तसाच पडला होता. कडेला, घट्ट, ढेकळांचा. दोन दिवस नागनाथ त्याच्याकडं न बघता गेला. तिसऱ्या दिवशी बघितलं.

त्याच्या लहानपणी गावजेवणात त्यांच्या वस्तीची पंगत सगळ्यांत शेवटी, कडेला बसायची. तिथवर वाढपी येईतो कधी कधी बुंदी संपलेली असायची आणि मग वाढपी यायचाच नाही. पुढं धम्मप्रियाच्या, त्याच्या मुलीच्या, लग्नात तो स्वतः वाढायला उभा राहिला आणि शेवटल्या पानावर दोनदा बुंदी घातली.

"पूड न्हाय देत," तो वाफ्याला म्हणाला. "मेहनत तर देतो."

फावडा उचलला त्याच्या चौथ्या दिवशी शालननं भाकरी आणली तेव्हा तिसरा फेरा संपत आला होता.

"अवं, पोरीनं हात लावू नगा म्हटलं हुतं."

"पूड न्हाय घातली."

"मग कशाला मरताय?"

"तिघांना परतलं. ह्येला का न्हाय?"

"वाफा रुसतूय व्हय?"

"वाफा न्हाय. मी रुसतो."

साडेतेराशे भरली. गिरकीही घेतली, पण छोटी. कोऱ्या मातीला जेवढी शोभते तेवढी.

चारही वाफ्यांत मेथी पेरली. सहा आठवड्यांनी पाला तपासायला गेला. निकाल आला त्या दिवशी सिद्धेश्वरीबरोबर तिचे साहेब आले, वीरभद्रप्पा. अक्कलकोटकडचे, सावकाश बोलणारे. कागद झकास होता: तिसऱ्या वाफ्यातली मेथी खाण्याजोगी, चौथ्यातली शिशानं भरलेली. शालन पदर सावरून पुढं आली.

वीरभद्रप्पांनी मान हलवली. "तीन वाफे खणले, खालवर केले. खालची चांगली माती वर आली. चौथा न खणलेला. मग फरक पुडीनं पडला की फावड्यानं? सिद्धेश्वरी, मी हे पुढं पाठवू शकत नाही. पुढच्या वर्षी परत करा."

सिद्धेश्वरीचा चेहरा उतरला. साहेबांचं बरोबर होतं. शालन आली तशी दोन पावलं मागं सरली. ती दोन पावलं नागनाथनं बघितली.

"साहेब," तो म्हणाला, "चौथाबी परतलाय."

"काका, मी नको म्हणाले होते ना?"

"व्हय. ऐकलं न्हाय."

"पूड टाकली?" साहेबांनी विचारलं.

"चिमूटभर न्हाय."

"परतला किती?"

"तिघांइतकाच. साडेतेराशे फावडी."

"कशावरून?"

नागनाथनं बांधावर उभ्या कुंडलिककडं बघितलं. कुंडलिक पळत जाऊन खरोखरच सळई घेऊन आला. पहिल्या वाफ्यात टोचली, अर्धा फूट सरसर गेली आणि थांबली. दुसऱ्यात तेवढीच. तिसऱ्यात तेवढीच. चौथ्यात तेवढीच, केसभर कमी नाही. बांधावर टोचली तर दोन बोटं जाईना. वीरभद्रप्पांनी स्वतः चारही ठिकाणी टोचून पाहिली. मग चष्मा पुसला.

"फावडा चौघांना सारखा. पूड तेवढी तिघांना. म्हणजे फरक पुडीचाच." ते खूश झाले की कन्नडात जात. "छलो आयतु, छान झालं. मातीत पूड नाही एवढं तपासून घेतो, मग सही माझी. सिद्धेश्वरी, असंच करायचं असतं. चौथाही परतायला तुम्ही का सांगितलं नाही?"

"मला सुचलंच नव्हतं, सर."

नागनाथ अजून विचारात होता. "साहेब, म्हंजी माझ्या साडेतेराशे फावड्यांनी चौथ्यातलं शिसं हाललंबी न्हाय?"

"नाही."

"एक कण?"

"कागदावर तरी नाही."

क्षणभर त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग पोटातून हसू फुटलं. कुंडलिक हसला, सिद्धेश्वरी हसली, साहेब सळईला टेकून हसले. नागनाथनं कुंडलिकचा हात धरून गिरकी घेतली, मग दुसरी, आणि तिसरीला तोल जाऊन दोघेही चौथ्या वाफ्यात पडले. लागलं नाही. माती मऊ होती. त्यानंच केली होती.

शालननं तिसऱ्या वाफ्यातली मेथी उपटली, पाण्याच्या मोटारीच्या धारेखाली धुतली आणि देठासकट तोंडात घातली. सगळे तिच्याकडं बघत राहिले.

"कडू हाय," ती म्हणाली. "लई चांगली कडू हाय."

नागनाथ मातीतच बसून हिशेब करत होता. अजून दोनशे चौदा वाफ्यांची जमीन. "दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार नऊशे फावडी," तो आनंदानं म्हणाला.

"गुडघ्यांना इचारलं का?" शालन म्हणाली. "ट्रॅक्टर सांगा."

"सांगतो. पर तीन फेरे. अन् चौथा वाफा हातानं."

पूड आली तेव्हा पहिलं पोतं चौथ्या वाफ्यात फुटलं. सिद्धेश्वरीनं साठ किलो सांगितले होते. नागनाथनं साठच घातले, मग पोतं उलटं करून वाफ्यावर दोनदा झटकलं.

पुढच्या मोसमात रान परत तपासलं, पालाही तपासला. त्यानंतरच्या बाजारी काशम्माला जरा सरकून बसावं लागलं.