ह्याच फोटोतून

लोक फोटोतून जे जे पुसायला सांगतात, ते माझ्या डोक्यातून काही पुसलं जात नाही. अठरा वर्षं झाली, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत अण्णांच्या स्टुडिओत कम्प्युटरपुढे बसलेय. किस्से साठणार नाहीत तर काय!

काम म्हणाल तर सोपं. एका जागचे पिक्सेल उचलायचे, दुसऱ्या जागी ठेवायचे. डागावर शेजारची कातडी, तारेवर शेजारचं आभाळ. पण अण्णांचा एक नियम आहे. उचलायचं ते त्याच फोटोतून. दुसऱ्याचं नाक, दुसऱ्याचं आभाळ इथं चालत नाही. "फोटो म्हणजे साक्ष आहे," म्हणतात. एरवी माणूस सिरियल बघून रडतो, पण ह्या बाबतीत अगदी दगड.

*

बँकेतला एक क्लार्क आला. स्थळांना पाठवायचा फोटो, त्यात डोक्यावर केस हवेत. मी नियम सांगितला. त्यानं थोडा विचार केला.

"मग मिशीतून घ्या."

मिशी होती मात्र भरघोस. घेतली. केस आले, पण सगळे दोन्हीकडे खाली वळलेले. तो खूश होऊन गेला.

वर्षभरानं बायकोला घेऊन जोडीचा फोटो काढायला आला. मला राहवेना. विचारलं, तो फोटो बघून तुम्हाला शंका नाही आली?

"आली की," ती म्हणाली. "बघताक्षणीच कळलं, ह्या माणसाला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. म्हणून तर हो म्हटलं."

*

हा किस्सा सांगून मी ज्यांना हसवलं, त्या आमच्या गल्लीतल्या अक्का. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या. एका शुक्रवारी देवळातून येताना फोटो घेऊन आल्या. तिरुवैयारूची आत्या वारली, तिच्या पेटीत निघाला होता. अक्कांची आई, मांडीवर आठ महिन्यांच्या अक्का. आईचा जगातला एकच फोटो, आणि ओल लागून नाकाखालचं सगळं बुरशीनं खाल्लेलं. ओठ नाहीत, हनुवटी नाही.

"मी दीड वर्षाची असताना ती गेली," अक्का म्हणाल्या. "सगळे म्हणतात मी अप्पांवर गेले. आई कशी हसायची, कोणाला विचारू? आता सांगणारं कोणी उरलं नाही. एवढं तोंड भरून दे गं."

फोटोत दुसरी बाई नव्हती. भरायचं कुठून? अण्णा नकाराची मान हलवून आत गेले. मला त्यांचा असा राग आला. अक्का मात्र फोटो माझ्याकडेच ठेवून गेल्या, आणि दर शुक्रवारी यायच्या, बाकावर बसायच्या, काही न विचारता कॉफी पिऊन जायच्या.

*

मग एक शेतकरी मोपेडवरून आला. नव्या घराचा फोटो, पुढ्यात विजेचा खांब. तो काढायचा. मी बाजूचे माड उचलून खांब झाकला. त्यानं बोट लावून झाडं मोजली.

"अम्मा, दोन जास्त आहेत. काढ ती. धाकटा भाऊ बघेल आणि म्हणेल, वाटणीनंतर ह्याच्याकडे झाडं वाढली कशी?"

काढली. खांब परत दिसायला लागला.

"असू दे," तो म्हणाला. "वीज दोघांची आहे."

*

जुळ्या भावांचा वाढदिवस. फोटोत धाकट्याचे डोळे मिटलेले. मी थोरल्याचे उचलून बसवले. त्याच फोटोतले, नियम शाबूत. मला स्वतःला ओळखू येईना, अण्णांनाही नाही. त्यांची आई आली, काउंटरवर फोटो बघितला आणि म्हणाली, "थोरल्याचे डोळे ह्याला का लावलेत?"

मी तिची माफी मागत होते. अण्णा मात्र बाकाकडे बघत होते. शुक्रवार होता, अक्का कॉफी पीत होत्या. अक्का गेल्यावर ते म्हणाले, "अक्कांचा तो फोटो काढ. मांडीवरचं बाळ मोठं करून दाखव."

बाळ ओठ मिटून हसत होतं.

*

चार दिवस लागले. बाळाचे ओठ मोठे केले की पिक्सेल फुटायचे, हनुवटी गोल गोल यायची. सावली आईच्या गालावरून आणली, मान तिरपी होती तसे ओठ तिरपे केले. चौथ्या दिवशी ती बाई माझ्याकडे बघून हसली. मी खुर्ची मागे सरकवून उठलेच.

शुक्रवारी अक्का आल्या. फोटो दोन्ही हातांत धरून उभ्याच राहिल्या. पदरानं चष्मा पुसला, परत बघितलं.

"हे कुठून आणलंस?"

मी अण्णांकडे बघितलं. ते काउंटरवरची काच पुसत होते.

"ह्याच फोटोतून, अक्का."

अक्कांनी फोटो भिंतीवरच्या आरशाशी नेला आणि आपल्या तोंडाशेजारी धरला. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. मग ओठ मिटून हसल्या.

"बघ," म्हणाल्या, "सत्तर वर्षं उगाच सगळे म्हणायचे, मी अप्पांवर गेले."