ऑर्व्हिल स्टुकीच्या रिव्हॉल्व्हरची किंमत

वायोमिंगच्या उघड्या माळावर, जिथं वारा आधी येतो आणि माणूस मागून, तिथल्या कॉटनवुड गावात जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत करावी तर ऑर्व्हिल स्टुकीनंच. चौतीस वर्षं तो आपल्या दुकानात काचेच्या टेबलामागं बसला. कुणी हौसेनं नटवलेलं रिव्हॉल्व्हर पुढ्यात ठेवलं की आधी ते रिकामं असल्याची खात्री करायचा, मग नळी उजेडाकडं धरायचा, आणि मग अगदी सावकाश, मायेनं, समोरच्याचा पार पालापाचोळा करायचा.

"ही अक्षरं कुणाची?" त्यानं एकदा लॉइड हॅन्सनला विचारलं होतं.

"माझीच. सोन्यात कोरून घेतलीत."

"मग पन्नास डॉलर कमी. एल. एच. नावाचा दुसरा कुणी सापडला तर त्याला घेऊन ये, त्याला पुऱ्या भावानं देतो."

लॉइडचं तोंड उतरलं, तेव्हा ऑर्व्हिल म्हणाला, "हौस तू केलीस, भोगूनही झाली तुझी. तिचे पैसे दुसऱ्यानं का द्यावेत?"

शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा. "कारखान्यातून आलेली लाकडी मूठ कुठंय?" ज्यानं ती जुन्या मोज्यात का होईना जपून ठेवली असेल, त्याचा भाव चढायचा. ज्यानं फेकली, त्याच्याकडं ऑर्व्हिल असा बघायचा, की जत्रेत पोर विसरून आलाय जणू.

आयुष्यभर बार ऐकून त्याचे कान गेले. मागच्या वर्षी त्यानं दुकान सामानासकट व्हर्ना पेटीबोनला विकलं. ती अकरा वर्षं त्याच्याच हाताखाली शिकलेली बाई. आता त्याला दोन्ही कानांना यंत्रं हवी होती. डॉक्टरनं अठराशे डॉलर सांगितले. ऑर्व्हिल हसला. त्याच्या कपाटात अठराशेचं रिव्हॉल्व्हर होतंच.

ते इतरांसारखं नव्हतं. निदान त्याला तसं वाटायचं. स्वतः मारलेल्या एल्क सांबराच्या शिंगाची मूठ, नळीच्या कडेनं कोरलेलं धावणारं हरीण, त्याखाली ओ. एस. ही अक्षरं, आणि घासून इतका हलका केलेला चाप, की नुसता विचार केला तरी सुटेल.

मंगळवारी सकाळी त्यानं ते टेबलावर ठेवलं, या वेळी गिऱ्हाइकाच्या बाजूनं. कोपऱ्यात लॉइड फुकटची कॉफी पीत होता.

व्हर्नानं ते रिकामं असल्याची खात्री केली, नळी उजेडाकडं धरली. "मालक, चाप कुणी घासला?" तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"मी."

"अशाला आपण चिठ्ठीवर 'घरगुती काम' लिहायचो ना? साडेचारशे."

"अगं, या हरणाला डेन्व्हरच्या कारागिरानं नऊ महिने घेतले."

"हौस तुम्ही केलीत, मालक." पुढचं ती बोलली नाही. लॉइडनं तेवढा घोट मुद्दाम आवाज करून घेतला.

"मूळची मूठ असेल तर सहाशे," व्हर्ना म्हणाली.

ऑर्व्हिलनं मान वर केली. मूठ होती. टेबलाच्या खालच्या खणाला, धरायला म्हणून, तिच्या दोन्ही फळ्या त्यानंच ठोकल्या होत्या. त्याच खणात किमतीच्या चिठ्ठ्या असायच्या. चौतीस वर्षं रोज धरून अक्रोडाचं ते लाकूड काळंभोर चकाकत होतं. त्यानं बोट दाखवलं.

व्हर्ना वाकून बघत राहिली. "सामान माझंय, कागदावर सही तुमची. तरी घ्या, देते. पण मालक, यात तुम्ही खिळे मारलेत. पंचाहत्तर कमी."

"ऑर्व्हिल," लॉइड त्याच्या कानात ओरडला, "माझं नाव ओ. एस. असतं तर पुऱ्या भावानं घेतलं असतं रे."

व्हर्नाला बहुधा कीव आली. तिनं कोरी चिठ्ठी पुढं सरकवली. "आकडा तुम्हीच लिहा. लिहाल तेवढे आत्ता देते."

ऑर्व्हिलनं पेन्सिल घेतली. अठराशे लिहायला कुणी अडवलं नव्हतं. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं: घरगुती काम. मूळ मूठ, भोकं पडलेली. पाचशे पंचवीस.

मग सवयीनं नळी पुन्हा उजेडाकडं धरली, तोंड वाकडं केलं, आणि आकडा खोडून पाचशे केला.

पाचशेत एक कानही येत नव्हता.