बारा चाव्या आणि एक गोल जिना

फ्रान्समधल्या एका किल्ल्याची आमच्या काकांइतकी काळजी खुद्द फ्रान्समध्येही कुणी करत नसेल. काका उसाच्या फडापलीकडं कधी कुठं गेले नाहीत, त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण त्या किल्ल्याचा कुठला बुरूज कुणाच्या नातवानं बांधला हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

शिरूर कासार तालुक्यातलं आमचं गाव. दसरा झाला की आमची गल्ली रिकामी व्हायची. घराला कुलूप, ट्रॅक्टरवर चूल-भांडी, आणि आई-दादा, म्हणजे माझे आईवडील, ऊस तोडायला. मी शाळेसाठी मावशीकडं केजला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. काकू वारल्या तसे काका अर्धा कोयता झाले, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमानं त्यांना टोळीत घेणं बंद केलं. मग गल्लीतल्या बारा घरांच्या चाव्या काकांच्या करदोट्याला आल्या. दिवेलागणीला ते एकेक कुलूप उघडायचे, दिवा लावायचे, कुणी नसलेल्या घरात खाकरायचे आणि विचारायचे, "काय, बरं हाय न्हवं?" मी एकदा हसले, तर म्हणाले, "घराला वाटाय पायजे की माणसं हायत."

एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं आले ती शाळेच्या रद्दीतलं बिनकव्हरचं पुस्तक घेऊन. त्यात तो किल्ला होता. पहिल्या धन्यानं दोन हात जाडीच्या भिंतींचा चौकोनी बुरूज बांधला, मुलानं भोवती तट आणि खंदक, नातीनं प्रार्थनेची खोली. पुढं तोफा आल्या, तट कुचकामी ठरला, तेव्हा पणतवंडांनी त्याच भिंती फोडून मोठाल्या खिडक्या काढल्या. काकांनी ते माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की पानं सुटी झाली. तोफांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "आठशे वर्षं एकच घर, अन् माणसं बी तीच," ते म्हणायचे. "आपल्यात सलग आठ महिने न्हाईत."

ऊसतोड सोडली तर काका पेशानं गवंडी. आई-दादा चैत्रात परत आले, तर आमच्या दोन खोल्यांच्या घराला गोल जिना! किल्ल्यात होता तसाच: चढणाऱ्याचा उजवा हात मधल्या खांबाला अडावा, तलवार फिरू नये. आई मिरच्यांचं घमेलं घेऊन गच्चीवर निघाली आणि कोपर फोडून, मिरच्या सांडून खाली आली.

"कावून बांधलाय ओ भावजी असला जिना?"

"दुश्मनासाठी, वहिनी."

"आपला कोण दुश्मन?"

"मुकादम."

त्या पावसाळ्यात मुकादम पुढच्या हंगामाचं ठरवायला दादांशी बोलायला खरंच गच्चीवर गेला. त्याचंही कोपर फुटलं. "जिना चाललाय," काका खालून समाधानानं म्हणाले. तरी दसऱ्याला आई-दादा गेलेच. चावी घेताना काकांनी मला विचारलं, "तू काय बांधणार गं?"

"काका, आधी शिकते."

"शीक. पण माल पातळ करू नगं, भिंत टिकत न्हाई."

मी पातळ केला नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि या उन्हाळ्यात शिरूरला नोकरीही लागली. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेल्यावर काका सवयीनं आमच्या दारात येऊन हात पुढं करून उभे राहिले.

"चावी न्हाई भावजी," आई म्हणाली. "आमी जात न्हाई यंदा."

काकांनी तो हात जिन्याच्या खांबावर ठेवला, उगाच थोडी धूळ झटकली. "मग आता तुमच्यात दिवा कोण लावणार?"

"आमीच की."

"हां. तेबी खरंच," म्हणाले, आणि चहाला न थांबता निघाले. संध्याकाळी मी गोल जिन्यावर उभी राहून ऐकत होते. पलीकडच्या रिकाम्या घरात खाकरण्याचा आवाज आला, मग शेजारच्या. आमच्या दाराशी पावलं जरा रेंगाळली. मी जिन्यावरूनच ओ दिली, "बरं हाय, काका!"

काकांच्या करदोट्याला आता अकरा चाव्या आहेत. यंदा आमच्या घराला कुलूप लागलं नाही.